तराजूच्या पेटीतलं मत

तीन वर्षं आमच्या घरी दोन वेळचं जेवून, आमटीत मीठ कमी आहे की जास्त हे ज्याने एकदाही सांगितलं नाही, असा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला. आई विचारायची, "प्रोफेसर, आमटी कशी झालीय?" ते पाटावरून वर बघत, चष्मा सारखा करत आणि अगदी गंभीरपणे म्हणत, "आपल्याला काय वाटतं?" आता जी बाई अजून जेवलीच नाही तिला काय वाटणार, कपाळ? एकदा आई इरेला पेटली आणि तिने आमटीत मीठच घातलं नाही. मी पहिल्या घासाला उठून मिठाची बरणी घेऊन आले. प्रोफेसरांनी वाटी संपवली, ताक प्याले, हात धुतले आणि ओटीवर जाऊन वर्तमानपत्र उघडलं. "हा माणूस नव्हे, पाटावरवंटा आहे," आई म्हणाली. मला मात्र तेव्हापासून त्यांच्याबद्दल भयंकर कुतूहल वाटायला लागलं.

मी तेव्हा श्रीवर्धनपासून थोड्या अंतरावरच्या एका कोळीवाड्यात प्राथमिक शाळेत शिकवत होते. वडील वारले होते, आई माझ्याजवळ होती. गावाच्या टोकाला मामाचं घर होतं, त्यातच आम्ही राहायचो; मागे सुपारीची वाडी. मामा मुंबईला, त्यामुळे पुढची खोली रिकामी. ती प्रोफेसरांनी भाड्याने घेतली. ते मुंबईच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवत. बिनपगारी रजा काढून आले आणि ती रजा वाढवत वाढवत आमच्याकडेच राहिले. बायको नाही, मुलं नाहीत. सामान म्हणजे पुस्तकांच्या दोन ट्रंका, एक दुर्बीण आणि घडीचं स्टूल. ते स्टूल काखोटीला मारल्याशिवाय हे गृहस्थ उंबऱ्याबाहेर पडत नसत.

आमच्याच गावात का आले, ते त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड हा सगळा मुलूख नबाबाच्या राज्यातला. स्वातंत्र्य आलं, संस्थान विलीन झालं आणि ज्यांनी जन्मात कोणाला निवडून दिलं नव्हतं ती माणसं मतदार झाली. "माणूस प्रजेचा मतदार होतो, तेव्हा त्याच्या आत नेमकं काय होतं? काही हलतं का? की नुसती बोटाला शाई लागते?" हे विचारताना त्यांचे डोळे असे चमकत, की मला माझ्या पहिलीतल्या मुलांची आठवण यायची. आई म्हणाली, "एवढंच ना? मग कोणालाही विचारा." त्यावर ते म्हणाले, "विचारलं की माणूस खरं सांगत नाही. बघत राहावं लागतं."

आणि ते खरोखरच बघत राहायचे. मासळीच्या लिलावात, देवळाच्या पारावर, लग्नात, भांडणात, जिथे चार माणसं जमतील तिथे थोडं बाजूला घडीचं स्टूल मांडलेलं असायचं. बोलायचे नाहीत, हसायचे नाहीत, मान हलवायचे नाहीत. त्यांचं म्हणणं असं, की अभ्यास करणाऱ्याने नुसती भुवई उचलली तरी समोरचा माणूस बदलतो. मग अभ्यास कसला, तो स्वतःचाच फोटो. सुरुवातीला लोकांना त्यांचा राग यायचा. मग कीव आली. शेवटी सवय झाली, आणि गाव त्यांच्यादेखत बिनधास्त भांडू लागलं.

प्रश्न मात्र एक होता, तो ते सगळ्यांना विचारत. "तुम्हाला भीती कोणाची वाटते?" देशाची सुरक्षितता वगैरे जो काही त्यांचा दुसरा विषय होता, त्यातला हा प्रश्न. या किनाऱ्याला धोका कुठून आहे असं इथल्या माणसांना वाटतं, ते त्यांना हवं होतं. आरमार, गोव्याचे पोर्तुगीज, असलं काहीतरी उत्तर येईल अशी अपेक्षा असावी. एक कोळीण म्हणाली, "सासूची." मचवा हाकणारा एक तांडेल म्हणाला, "धुक्याची." खाडीपलीकडचे एक मुसलमान व्यापारी म्हणाले, "अल्लाची, और उसके बाद कस्टमवाल्यांची." आणि गावकीचा मुख्य, ज्याला सगळे थोरला नाखवा म्हणत, तो मिशीवरून हात फिरवून म्हणाला, "भीती? मना? गाव मना भितंय." प्रोफेसरांनी सगळी उत्तरं सारख्याच आदराने लिहून घेतली.

कस्टमच्या नाक्यावरचा शिपाई त्यांच्यावर टपलेला असायचा. हा बाबा दुर्बीण घेऊन किनाऱ्यावर बसतो म्हणजे एकतर चोरटं सोनं आणणाऱ्यांचा माणूस, नाहीतर पोर्तुगीजांचा हेर, असं त्याचं ठाम मत. तो सुरूच्या बनात लपून प्रोफेसरांवर नजर ठेवी, आणि प्रोफेसर दुर्बिणीतून त्याच्यावर, कारण राज्यसंस्था सीमेवर कशी वागते हा त्यांच्या अभ्यासाचा भाग होता. दोघांनी एक अख्खा हिवाळा एकमेकांना बघण्यात घालवला. शेवटी आईनेच त्या शिपायाला चहाला बोलावलं आणि प्रकरण मिटवलं.

ओटीच्या भिंतीवर त्यांनी जगाचा नकाशा लावला होता. जे देश नुकते स्वतंत्र झाले त्यांच्यावर बाभळीचा एकेक काटा टोचलेला. त्या देशांबद्दल ते घरातल्या पोराबाळांसारखं बोलत. "सिलोनचं बरं चाललंय. ब्रह्मदेशाची मात्र काळजी वाटते, सारखं काहीतरी दुखणं." एकदा मुंबईचं वर्तमानपत्र लाँचने आलं, तेही शिळं, आणि ते वाचून हे जेवायलाच उठेनात. आई घाबरली. "कोण गेलं हो?" प्रोफेसरांनी एका कुठल्याशा लांबच्या देशाचं नाव घेतलं. तिथे सैन्याने सरकार ताब्यात घेतलं होतं, निवडणुका रद्द. आईने मला आत बोलावून हळूच विचारलं, "सोयर-सुतक काही पाळायचं असतं का गं त्याचं?" मी हसले, पण तो काटा उपटून त्यांनी जपून खिशात ठेवला, ते मी पाहिलं होतं.

मग दुसरी सार्वत्रिक निवडणूक आली.

तेव्हाची मतदानाची रीत आजच्यासारखी नव्हती. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर त्याच्या चिन्हाचं चित्र. सगळ्या पेट्या पडद्याआड मांडलेल्या. मतदाराने कोरी मतपत्रिका घेऊन एकट्याने आत जायचं आणि पाहिजे त्या पेटीत टाकायची. आमच्या गावाच्या दोन बाजूंना खाडी; आधीच्या निवडणुकीला ती ओलांडून कोणी गेलंच नव्हतं, म्हणून या खेपेला आम्हाला वेगळं केंद्र, माझ्याच शाळेत. म्हणजे गावाने कोणाला किती मतं दिली, हे मोजणीत उघड कळणार.

त्याआधीच गावकी बसली होती. आमच्याकडे गावकीचा शब्द म्हणजे शब्द. जाळं कधी टाकायचं, लग्नात काय द्यायचं, कोणाशी बोलायचं नि कोणाशी नाही, सगळं ती ठरवायची. होडी चिन्हाचा एक अपक्ष उमेदवार गावाला धक्का बांधून देतो म्हणाला होता. मचवे लावायला धक्का नव्हता, बायका कमरेएवढ्या पाण्यातून मासळीच्या पाट्या आणत. थोरल्या नाखव्याने जाहीर केलं, "गावाचं मत होडीला. एकबी इकडंतिकडं जाणार न्हाय." सगळ्यांनी देवासमोर हात वर केले. प्रोफेसर स्टुलावर बसून बघत होते.

फक्त मेस्त्री हसला. हा मेस्त्री म्हणजे गावातल्या झाडून सगळ्या होड्या ज्याने बांधल्या तो. त्याने प्रचाराचा कागद हातात घेतला, त्यावरची होडी बघितली आणि म्हणाला, "ही कोनी काढली? शिडाची दोरी वाऱ्याच्या बाजूला बांधली हाय. ह्या होडीत मी माशीला पन बसू देनार न्हाय." अख्खी गावकी खो खो हसली. चित्र खरंच चुकलं होतं. समुद्र न बघितलेल्या कोणीतरी काढलेलं. थोरला नाखवा हसला नाही.

मतदानाच्या दिवशी बायकांच्या बोटाला शाई लावायचं काम माझ्याकडे होतं. सकाळपासून रांग. नऊवारी साड्या, केसांत अबोली, एकीने तर येताना पेटीसाठी हळदकुंकू आणलं होतं. दुपारपर्यंत गाव संपलं. उमेदवारांची माणसं जेवून झोपायला घरी गेली. मी आणि बाहेरगावचे अधिकारी तेवढे माश्या मारत बसलो. प्रोफेसर सकाळपासून समोरच्या उंडीच्या झाडाखाली. त्यांचंही नाव गावच्या यादीत होतं, यादी झाली तेव्हा ते आमच्याकडेच राहत होते ना. माझं नि आईचं नाव श्रीवर्धनला. मी ओरडून म्हटलं, "या की आत. तुमची मतपत्रिका वाया चाललीय." ते म्हणाले, "बाई, न्यायाधीशाने खटल्यात साक्ष द्यायची नसते." संध्याकाळी केंद्र बंद होईपर्यंत ते झाडाखालून हलले नाहीत.

मोजणी झाली. होडीवाला निवडून आला. आमच्या गावच्या पेट्या फोडल्या तेव्हा होडीत सगळी मतं, आणि तराजू चिन्हाच्या पेटीत एक.

एकच. पण गावाला ते एक मत डोळ्यात गेलेल्या कणासारखं खुपायला लागलं. दहा-वीस असती तर गावाने फितुरांचा गट धरून भांडण केलं असतं. एक म्हटल्यावर प्रत्येक जण शेजाऱ्याकडे बघायला लागला. आणि मग सगळ्यांना एकदमच ती माशी आठवली.

मेस्त्रीने देवळात जाऊन शपथ घेतली. "आरं, चित्राला नावं ठेवली, पन मत होडीतच टाकलं." कोण ऐकतो. थोरल्या नाखव्याने सांगितलं, गावकी बसेल आणि मेस्त्रीला वाळीत टाकायचं की नाही ते ठरवेल. वाळीत टाकणं म्हणजे काय, ते त्या किनाऱ्यावर राहिलेल्यालाच कळतं. विहिरीवर पाणी नाही, दुकानात मीठ नाही, कोणाच्या घरी पाऊल नाही, मेलं तर खांद्याला माणूस नाही. त्यात मेस्त्रीच्या मुलीची हळद तोंडावर आलेली. मुलगा पलीकडच्या कोळीवाड्यातला. वाळीत टाकलेल्या घरातली मुलगी कोण करून घेणार?

मेस्त्रीची बायको भर दुपारी आमच्याकडे आली. ओटीवर प्रोफेसरांच्या पायाशीच बसली. "तुमी शिकलेलं मानूस. मत कोनाचं ते इचारायचं नसतं, असं कायद्यात हाय ना? तेवढं गावाला सांगा. तुमचं ऐकतील."

प्रोफेसर पांढरेफटक पडले. म्हणाले, "मला त्यात बोलता येणार नाही, ताई. मी बघणारा आहे."

ती उठून गेली. मग मात्र माझं डोकं फिरलं. मला राग पटकन येतो, आणि आला की मी मागचापुढचा विचार करत नाही. "लांबच्या कुठल्या देशासाठी तुम्ही जेवण सोडलंत," मी म्हटलं, "आणि ही बाई चार घरं सोडून राहते, तिच्यासाठी तुम्हाला तोंड उघडवत नाही? त्या नकाशावर आमचं गाव नाही म्हणून? घ्या, एक काटा इथेही टोचा!" आईने माझा दंड धरून मला आत ओढलं.

दुसऱ्या दिवशी उन्हं उतरल्यावर गावकी बसली. पुरुष पारावर, बायका देवळाच्या भिंतीपाशी. त्यांच्यात मीही. प्रोफेसर नेहमीसारखे बाजूला स्टुलावर. थोरला नाखवा बोलायला उठला. मेस्त्रीला पुन्हा शपथ घालण्यात आली, पुन्हा त्याने घेतली. कोणीतरी ओरडलं, "मग ते मत काय समुद्रातनं आलं?" मेस्त्री नुसता हात जोडून उभा. एवढे मोठे मचवे बांधणारे ते हात. त्याची मुलगी माझ्या शेजारीच होती. तिने माझा पदर घट्ट धरला होता, तिला ते कळतही नव्हतं.

तेवढ्यात प्रोफेसर उठले. त्यांना गावकीत बोलायला उठताना गावाने कधी बघितलंच नव्हतं, त्यामुळे सगळे गप्प झाले.

"मत गुप्त असतं," ते म्हणाले, "आणि ते विचारायचा हक्क कोणालाही नाही."

"तुमच्या मुंबईला," मागून कोणीतरी बोललं, आणि लोक हसले.

प्रोफेसरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "बरं. मग सांगतो. ते मत माझं आहे."

थोरला नाखवा त्यांच्याकडे बघत राहिला. "तुमी तर मत देत न्हाय."

"त्या दिवशी दिलं. दुपारी. तुमची माणसं जेवायला गेली होती."

"बोट दावा."

प्रोफेसरांनी दोन्ही हात पुढे केले. त्यांचं फाउंटनपेन इतकं गळायचं, की त्यांच्या बोटांवर बारा महिने शाई असायची. कुठली पेनाची नि कुठली निवडणुकीची, ब्रह्मदेवाला कळलं नसतं.

"आन का दिलं तराजूला?"

"होडीचं चित्र चुकीचं होतं," प्रोफेसर म्हणाले.

कोणी हसलं नाही. थोरल्या नाखव्याने मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "मेस्त्रीवरचं बालंट गेलं. ह्यो मानूस गावकीचा न्हाय, ह्याला वाळीत टाकता येत न्हाय. पन आजपास्नं ह्याच्याशी गावात कोन बोलनार न्हाय. आमचा शब्द ह्याच्यापायी मोडला."

मी तिथेच उभी होते. दिवसभर शाईच्या बाटलीपाशी बसलेली मी, आणि उंडीच्या झाडाखाली बसलेले ते. हा माणूस खोटं बोलतोय, हे मला माहीत होतं. मी तोंड घट्ट मिटून घेतलं.

मेस्त्रीच्या मुलीची हळद लागली, लग्न झालं. प्रोफेसरांना आमंत्रण नव्हतं. गावात शिरले की बायका पाठ फिरवत, लिलाव थांबे, पोरं पळून जात. ज्या माणसाचं सगळं काम लोकांमध्ये बसण्याचं, त्याला भिंतीसमोर बसवल्यासारखं झालं. थोड्याच दिवसांत त्यांनी ट्रंका बांधल्या. भरताना मी बघितलं, आमच्या गावाबद्दल लिहिलेला कागदांचा गठ्ठा त्यांनी आईला चुलीसाठी दिला. तीन वर्षांचं काम. आई घेईना.

"अहो, असं काय करता?" मी म्हटलं.

"मी मध्ये हात घातला, बाई. आता या गावाबद्दल मी जे लिहीन ते खोटंच असणार."

मला रडू फुटलं. लपवलं नाही. म्हटलं, "तुम्ही मत दिलं नव्हतंत. मी तिथेच होते."

"मत दिलं की नाही, हेही गुप्तच असतं," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच मला ते हसल्यासारखे वाटले. मग ते लाँचवर चढले. आम्ही पुन्हा कधी भेटलो नाही. त्यांचं नवोदित लोकशाह्यांवरचं पुस्तक निघालं असं ऐकलं. त्यात आमचं गाव नसणार, हे मला न वाचताच माहीत होतं.

पण ते एक मत टाकलं कोणी? वर्षानुवर्षं माझ्या डोक्यात हा भुंगा. शाळेत पालक आले, की मी चेहरे न्याहाळायची. हा असेल का? ही असेल?

पुढची निवडणूक आली. धक्का अर्थातच झाला नव्हता. आता सगळ्यांसाठी एकच पेटी, कागदावर शिक्का मारायचा. गावकीने पुन्हा शब्द दिला, आणि मोजणीत आमच्या गावची मतं चारी बाजूंना पांगलेली निघाली. गावकी बसली. थोरला नाखवा, आता चांगलाच थकलेला, सगळ्यांवरून नजर फिरवत मेस्त्रीपाशी थांबला, मग खाली बघून म्हणाला, "धक्क्याचा अर्ज कुठवर आलाय, ते बोला." अंधार पडेपर्यंत लोक धक्क्याबद्दल बोलत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा उघडत होते, तर थोरला नाखवा काठी टेकत आला. इकडचं तिकडचं बोलला. मग एकदम म्हणाला, "बाय, तवाचं तराजूतलं मत माझं व्हतं."

माझ्या हातातली किल्ली कुलपातच राहिली. "तराजूवाला तुम्हाला पसंत होता?"

"तेचं नावबी मना ठावं नव्हतं."

"मग?"

"पडद्यामागं गेलो. जन्मात पैल्यांदा कोन बघत नव्हता. ना गाव, ना घर. म्हटलं, बघू तरी, आपन काय करतो ते. हात तिकडं गेला."

मेस्त्रीबद्दल विचारायचं माझ्या ओठावर आलं होतं, पण त्याचा चेहरा बघून विचारवेना. "हे तुम्ही प्रोफेसरांना का नाही सांगितलंत?" एवढंच म्हटलं.

"आलो व्हतो की सांगाया. ते जायच्या आधी, तुमच्या ओटीच्या पायरीपतूर आलो व्हतो," तो म्हणाला. "आत बसलेले दिसत व्हते. पन त्यांच्याशी कोनी बोलायचं न्हाय, असं मीच ठरवलेलं."